वायफाय नसलेला टीव्ही भंगारात कशाला?

दसरा-दिवाळीच्या सेलमध्ये एक्स्चेंजसाठी आलेले टीव्ही बघितले की जीव हळहळतो. दहा-बारा वर्षांपूर्वीचे एलईडी टीव्ही, काचेवर साधा ओरखडा नाही, रंग ठीक, आवाज खणखणीत. तक्रार एकच: ‘यात वायफाय नाही, यूट्यूब लागत नाही.’ माझं मत स्पष्ट आहे. पडदा चांगला असेल तर टीव्ही बदलू नका. त्यात जे कमी आहे ते बाहेरून जोडता येतं, आणि बाहेरून जोडलेलंच जास्त टिकतं.

का, ते समजण्यासाठी थोडा हिशोब करू. फुल एचडी चित्रात १९२० गुणिले १०८०, म्हणजे जवळपास २०.७ लाख ठिपके असतात. एका ठिपक्याच्या रंगाला २४ बिट (बिट म्हणजे एक ० किंवा १) आणि सेकंदाला २५ चित्रं धरली तर दर सेकंदाला सुमारे १२४ कोटी बिट होतात. पण सिनेमा आपल्या घरी येतो तो सेकंदाला साधारण ५० लाख बिटांत, म्हणजे मूळच्या अडीचशेव्या हिश्श्यात. बातम्या देणाऱ्या निवेदिकेच्या मागची भिंत अर्धा तास तीच असते. ती एकदा पाठवायची आणि पुढे फक्त ओठ, पापण्या, हात यांच्यातला फरक पाठवत राहायचं. वानखेडेवर मॅच चालू असते तेव्हा हे जमत नाही. कॅमेरा चेंडूमागे पळतो, सगळं मैदान सरकतं, मागचे प्रेक्षक उड्या मारतात, त्यामुळे वाचवण्यासारखं फार थोडं उरतं. म्हणूनच नेट मंदावलं तरी बातम्या बऱ्या दिसतात आणि मॅचमध्ये मात्र चौकोन पडायला लागतात.

थोडक्यात कामं तीन: बिट घरात आणायचे, उलगडून त्यांचं चित्र करायचं आणि ते चित्र दाखवायचं. तिसरं काम तुमचा टीव्ही आजही चोख करतो. पहिली दोन सतत बदलत असतात. चित्र दाबून बसवण्याची एच.२६४ ही पद्धत २००३ मध्ये आली, दहा वर्षांनी एच.२६५ आली, आणि त्यानंतरही नव्या पद्धती येतच आहेत. जुनी चिप नवी पद्धत शिकत नाही. ॲपचंही तेच. एप्रिल २०१५ मध्ये यूट्यूबने आपली जुनी जोडणी बंद केली, तेव्हा २०१२ आणि त्याआधीच्या कित्येक स्मार्ट टीव्हींवरचं यूट्यूब गेलं. पडदे धडधाकट होते, आतलं सॉफ्टवेअर तेवढं मागे पडलं होतं. म्हणून ही दोन कामं टीव्हीच्या पोटात नसून बाहेरच्या छोट्या डबीत असली तर बरं. ती जुनी झाली की तेवढीच बदलायची.

ही डबी म्हणजे टीव्हीच्या एचडीएमआय पोर्टाला, म्हणजे चित्र आणि आवाज एकत्र घेणाऱ्या खाचेला, लागणारी स्टिक. गूगलने जुलै २०१३ मध्ये क्रोमकास्ट आणलं आणि हा प्रकार घरोघरी माहीत झाला. आता फायर टीव्हीसारख्या स्टिक आहेत, आणि ब्रॉडबँडवाले किंवा डिशवाले देतात ते अँड्रॉइड सेट-टॉप बॉक्सही हेच काम करतात. यातलं काहीही घेण्याआधी टीव्हीच्या मागे टॉर्च मारून एकच गोष्ट बघा: एचडीएमआयचं पोर्ट आहे का. पहिलं एचडीएमआय २००२ च्या डिसेंबरमध्ये जाहीर झालं, त्यामुळे भारतात विकल्या गेलेल्या बहुतेक चपट्या टीव्हींवर ते असतंच.

त्या पोर्टात १९ पिना असतात आणि स्टिक खोचल्यावर पहिल्या क्षणात तिथे जे घडतं ते फार सुंदर आहे. स्टिक १८ व्या पिनेवर ५ व्होल्ट देते. तेवढ्या विजेवर टीव्हीतली एक छोटी मेमरी जागी होते, टीव्ही बंद असला तरी. मग टीव्ही १९ व्या पिनेवरून ‘मी आहे’ अशी खूण करतो. त्यानंतर १५ आणि १६ नंबरच्या पिनांवरून स्टिक ती मेमरी वाचते. त्यात बहुधा अवघे २५६ बाइट असतात, आणि टीव्ही कोणत्या कंपनीचा, किती रेषांचं चित्र दाखवतो, आवाज कसा घेतो, हे सगळं त्यात मावतं. त्याप्रमाणे स्टिक चित्राचा आकार ठरवते. तुमचा टीव्ही ७२० रेषांचा असेल तर तसंच चित्र पाठवते. आपण काहीच करत नाही आणि चित्र बरोबर बसतं, ते यामुळे. १३ वी पीन रिमोटच्या हुकमांसाठी असते. टीव्हीच्या मेनूमध्ये ‘सीईसी’ची सोय चालू असेल तर टीव्हीच्याच रिमोटने स्टिक चालते. घरात आजी-आजोबा असतील तर ही सोय जरूर चालू करून द्या, कारण दोन रिमोटांमध्ये माणूस गोंधळतो आणि मग टीव्ही लावायचंच सोडून देतो.

त्या ५ व्होल्टची दिशा मात्र ध्यानात ठेवा. ते स्टिककडून टीव्हीकडे जातात. टीव्ही एचडीएमआयमधून स्टिकला वीज देत नाही, म्हणून तिला वेगळी वायर लागते. बरेच जण ती टीव्हीच्याच यूएसबीत खोचतात. जुन्या टीव्हीचं यूएसबी नियमाप्रमाणे ५०० मिलिअँपिअर, म्हणजे अडीच वॅट देतं, आणि स्टिकसोबत येणारा अडॅप्टर साधारण ५ वॅटचा असतो. मग सिनेमा ऐन रंगात आला की स्टिक आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होते आणि लोक म्हणतात, ‘माल खराब निघाला.’ सोबतचा अडॅप्टर भिंतीतल्या प्लगला लावा. निम्म्या तक्रारी तिथेच संपतील.

यूएसबीवरून आठवलं. लॅपटॉपला लावायचं छोटं वायफाय डोंगल टीव्हीच्या यूएसबीत खोचून बघणारे पुष्कळ आहेत. ते बहुतेक वेळा चालत नाही. डोंगलमधल्या चिपशी बोलायला टीव्हीच्या आत त्याच चिपचा ड्रायव्हर, म्हणजे ती चिप चालवणारं सॉफ्टवेअर, असावा लागतो. ‘वायफाय रेडी’ म्हणून विकलेल्या टीव्हींमध्ये कंपनीने आपल्याच एका डोंगलपुरता तो घातलेला असायचा. बाकीच्या टीव्हींचं यूएसबी फक्त पेनड्राइव्हवरचे फोटो, गाणी आणि सिनेमे वाचतं. या वाटेला जाऊन पैसे घालवू नका.

काही टीव्हींना वायफाय नसलं तरी नेटची केबल लावायचं लॅन पोर्ट असतं. हा खरं तर उत्तम मार्ग. लॅन केबलमध्ये आठ बारीक तारा असतात, दोन-दोनची जोडी करून पिळलेल्या. जोडीतल्या दोन्ही तारांतून एकच संदेश जातो, एकीतून सुलट आणि दुसरीतून उलट. वाटेत पंख्याच्या रेग्युलेटरचा किंवा मिक्सरचा गोंगाट शिरला तर तो दोघींत सारखाच शिरतो, आणि पलीकडे दोघींची वजाबाकी केली की गोंगाट गळून जातो, संदेश उरतो. अलेक्झांडर ग्रॅहम बेलने पिळलेल्या तारांचं पेटंट १८८१ मध्ये टेलिफोनसाठी घेतलं होतं. तीच युक्ती आज १०० मीटरपर्यंत बिनचूक चालते. हॉलमधून भिंत फोडून केबल न्यायची नसेल तर वायफाय पकडून लॅनमधून बाहेर देणारा छोटा ब्रिज मिळतो. घरात पडून असलेल्या राउटरमध्ये ‘क्लायंट’ किंवा ‘ब्रिज’ मोड असेल तर तोही हे काम करतो. टीव्हीला वाटतं आपल्याला केबलच लावली आहे. त्याला ड्रायव्हर लागत नाही, काही नाही. अडचण उरते ती टीव्हीमधल्या जुन्या ॲपची. ती बंद पडली असतील तर फिरून स्टिककडेच यावं लागतं.

आता हवेतून येणाऱ्या भागाकडे वळू, कारण इथलं विज्ञान मला सगळ्यात जास्त भावतं. राउटरमधून निघालेली लहर सरळ एका वाटेने येत नाही. ती भिंतीवर, फ्रिजवर, गोदरेजच्या कपाटावर आपटून दहा वाटांनी येते. कोणती आधी पोचते, कोणती मागाहून. देवळाच्या गाभाऱ्यात भरभर बोललं की आधीच्या शब्दाचा घुमारा पुढच्या शब्दावर चढतो आणि काहीच कळत नाही, तसंच इथे होतं. १० मीटर जास्त फिरून आलेली लहर ३३ नॅनोसेकंद (सेकंदाचे अब्जांश) उशिरा पोचते. सेकंदाला ५ कोटी ४० लाख बिट एकामागोमाग पाठवले तर एका बिटाच्या वाट्याला १९ नॅनोसेकंदही येत नाहीत. म्हणजे कपाटावरून परतलेला बिट पुढच्या बिटांवर जाऊन बसतो.

यावरचा उपाय ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ या संस्थेत जॉन ओ’सुलिव्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला घडवला. ओ’सुलिव्हन मूळचे रेडिओ खगोलशास्त्रातले. १९७७ मध्ये ते स्फोट होणाऱ्या चिमुकल्या कृष्णविवरांचे रेडिओ स्पंद शोधत होते. ते स्पंद सापडले नाहीत. पण अवकाशात विस्कटलेली लहर गणिताने पुन्हा गोळा करण्याची हातोटी त्यांच्याजवळ आली, आणि पुढे ती घरातल्या भिंतींवरून विस्कटणाऱ्या लहरींवर चालली. एकाच कंप्रतेवर (फ्रिक्वेन्सीवर) वेगात बिट सोडण्याऐवजी ते अनेक शेजारशेजारच्या कंप्रतांवर वाटून द्यायचे आणि प्रत्येकीवर सावकाश पाठवायचे, ही त्यातली मुख्य कल्पना. वायफायच्या ८०२.११ए या प्रकारात ४८ कंप्रता माहिती वाहतात. प्रत्येक संकेत ४ मायक्रोसेकंद (सेकंदाचे दशलक्षांश) टिकतो, आणि त्यातले ०.८ मायक्रोसेकंद घुमारा विरण्यासाठी राखलेले असतात. तेवढ्या वेळात लहर २४० मीटर जाते. कुठल्याही फ्लॅटमधले सगळे पडसाद त्यात विरून जातात. लहरी अशा वाटायला आणि परत जोडायला फास्ट फूरिअर ट्रान्सफॉर्म हे गणित लागतं. जुन्नर तालुक्यात खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना घेऊन उभी असलेली आपली जीएमआरटी दुर्बीण दूरच्या दीर्घिकांचे संकेत वेगळे करायला तेच गणित रोज वापरते. नारायणगावच्या रस्त्याने जाताना त्या तबकड्या दिसल्या तर हे नातं आठवावं असं मला मनापासून वाटतं.

गणित पडसाद सांभाळतं, पण लहरच पोचली नाही तर त्याचाही इलाज चालत नाही. टीव्हीच्या मागे बहुधा धातूचा पत्रा असतो. स्टिक त्याला चिकटून बसली की राउटरची बाजू झाकली जाते. म्हणून स्टिकसोबत वीतभर एचडीएमआयची जोडवायर येते. लोक ती खोक्यातच ठेवून देतात. ती लावा आणि स्टिक टीव्हीच्या कडेला आणा. राउटर दोन बँडचा असेल तर जवळच्या खोलीत ५ गिगाहर्ट्झ वापरा. मध्ये स्लॅब किंवा दोन-तीन भिंती असतील तर २.४ गिगाहर्ट्झ जास्त लांब पोचतो, मात्र तिथे शेजाऱ्यांच्या राउटरांची आणि मायक्रोवेव्ह ओव्हनची गर्दी असते.

घरात ब्रॉडबँड नसेल तर मोबाइलचा हॉटस्पॉट चालतो, पण हिशोब करून. सेकंदाला ५० लाख बिट म्हणजे तासाला सव्वादोन जीबी. रोज २ जीबीचं पॅक ५३ मिनिटांत संपेल, अडीच तासांचं नाटक बाजूलाच राहिलं. ॲपमध्ये चित्राचा दर्जा ४८० वर आणला तर बराच डेटा वाचतो, आणि ३२ इंची पडद्यावर लांबून बघताना ते चालून जातं. फोनवरून टीव्हीवर लावायचं असेल तर ‘मिररिंग’ऐवजी ‘कास्ट’ वापरा. मिररिंगमध्ये फोन आपला अख्खा पडदा पुन्हा दाबून हवेतून पाठवत राहतो, त्यात फोन तापतो आणि चित्र अडखळतं. कास्टमध्ये फोन स्टिकला फक्त पत्ता सांगतो आणि स्टिक स्वतः व्हिडिओ आणते. मग फोनवर खुशाल बोला.

राहिला तो मागे पोट असलेला पिक्चर ट्यूबचा टीव्ही. गावाकडच्या घरांत तो अजून आहे, आणि त्याच्या काचेत शिसं असतं, तेव्हा तो भंगारात फोडला जाण्यापेक्षा चालता राहिलेला बरा. त्याला एचडीएमआय नसतं, पिवळी-लाल-पांढरी एव्ही पोर्टं असतात. मध्ये ‘एचडीएमआय टू एव्ही’ कन्व्हर्टर लावावा लागतो. ‘एव्ही टू एचडीएमआय’ नावाची अगदी तशीच दिसणारी डबी दुकानात शेजारीच असते. ती उलट्या दिशेची आहे आणि इथे काही कामाची नाही, म्हणून खोक्यावरची अक्षरं वाचूनच घ्या. या टीव्हीवर जेमतेम ५७६ रेषा दिसतात, त्यामुळे ॲपमधली बारीक अक्षरं पुसट येतात आणि रुंद चित्राच्या वर-खाली काळ्या पट्ट्या राहतात. सिनेमा, कीर्तन, मॅच बघायला अडचण नाही. बऱ्याच कन्व्हर्टरच्या कडेला एक बारीक खटका असतो, एका बाजूला पाल, दुसऱ्या बाजूला एनटीएससी, या रंगीत चित्र पाठवण्याच्या दोन पद्धती. १९८२ च्या दिल्ली एशियाडच्या वेळी आपल्याकडे रंगीत प्रक्षेपण आलं ते पाल पद्धतीचं. चित्र काळं-पांढरं येऊन वर-खाली सरकत असेल तर टीव्हीत बिघाड नाही, खटका एनटीएससीकडे राहिला आहे. तो नखाने पालकडे ढकला.