गटाचे कर्ज आणि मोबाइलचा गाळा : सोलापुरातील एका धंद्यामागची पार्श्वभूमी

सोलापुरात साखर पेठेतून अशोक चौकाच्या बाजूला जाताना मोबाइलचे सहा-आठ फुटांचे गाळे जागोजागी लागतात. पुढे काचेचा काउंटर, भिंतीवर खिळ्यांना टांगलेली कव्हरे आणि मागच्या फळीवर ओळीने मांडलेले हँडसेटचे खोके असतात. त्यांतले बरेचसे खोके रिकामे असतात, कारण भरलेला प्रत्येक खोका म्हणजे अडकून पडलेले आठ-दहा हजार रुपये. अशाच एका गाळ्यात काउंटरच्या खणात प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेले गटाच्या कर्जाचे कार्ड मी पाहिले. त्यावर हप्त्यांच्या तारखा होत्या, प्रत्येक तारखेपुढे वसुली अधिकाऱ्याची सही होती आणि कर्जदार म्हणून दुकानदाराच्या पत्नीचे नाव होते. दुकानाच्या पाटीवर नाव नवऱ्याचे, राबणारे दोघे आणि कर्ज मात्र तिच्या एकटीच्या नावावर, ही घडी एका दिवसात बसलेली नाही.

कर्ज आणि हप्ता या दोन्ही शब्दांशी सोलापूरची ओळख जुनी आहे. १८७५ मध्ये पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला, कर्जाचे दस्त व खतपत्रे हिसकावून जाळली. त्यानंतर सरकारने १८७९ मध्ये दख्खन शेतकरी मदत कायदा केला, तो पुणे, सातारा, अहमदनगर आणि सोलापूर या चार जिल्ह्यांसाठी. कर्जखतावरचा आकडा तसाच न मानता व्यवहार मुळापासून तपासण्याची आणि फेड हप्त्यांनी ठरवून देण्याची मुभा या कायद्याने न्यायालयाला दिली. पुढे १९०४ च्या कायद्याने सहकारी पतसंस्थांची वाट मोकळी झाली. सावकारीवर नियंत्रण आणणारा १९४६ चा मुंबई सावकारी कायदा आणि त्याच्या जागी आलेला २०१४ चा महाराष्ट्र सावकारी (नियमन) कायदा हे त्याच वाटेवरचे पुढचे टप्पे होत. तरीही शेकडा पाच रुपये महिना या दराने मिळणारा पैसा पेठांमधून गेला नाही. कायदा परवानाधारक सावकाराला बांधू शकतो. रात्री नऊ वाजता कागदाविना दहा हजार काढून देणाऱ्या माणसापर्यंत तो क्वचितच पोहोचतो.

शहरातील कष्टकऱ्यांना मिळणाऱ्या उधारीचा पाया मात्र गिरणीने घातला. १८७७ मध्ये सोलापूर स्पिनिंग अँड विव्हिंग कंपनी, म्हणजेच लोकांच्या तोंडची जुनी गिरणी, उभी राहिली. मागोमाग इतर गिरण्या आल्या आणि ठरलेल्या दिवशी पगार घेणारा मोठा वर्ग शहरात तयार झाला. पगाराचा दिवस ठाऊक असल्यामुळे वाणी उधार देत असे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या आणि घरांचा भार यंत्रमागावर व विडीवर आला. चादर आणि टॉवेल विणणारे कामगार, त्यांतील बहुसंख्य तेलुगू भाषक पद्मशाली समाजाचे, आणि घरी बसून विड्या वळणाऱ्या हजारो स्त्रिया, हीच या शहराची मोठी ग्राहकशक्ती झाली. पगारपत्रक नाही, तारण ठेवण्यासारखे काही नाही, पण दर आठवड्याला हातात थोडा पैसा येतो, अशी या घरांची स्थिती होती. बँकेच्या फॉर्ममध्ये ती कुठेच बसत नव्हती. भिशीत आणि पिग्मीत मात्र ती नेमकी बसली. १९२८ मध्ये उडुपीत सिंडिकेट बँकेच्या पूर्वज संस्थेने सुरू केलेली पिग्मी ठेव महाराष्ट्रातल्या पतसंस्थांनी आपलीशी केली. रोज संध्याकाळी दुकानात येणाऱ्या पिग्मी एजंटाकडे पन्नास-शंभर रुपये भरायचे आणि वर्षभराने त्याच ठेवीवर कर्ज उचलायचे, ही सवय छोट्या दुकानदाराला त्यामुळेच आहे. पुढे आलेल्या सूक्ष्म कर्जाला, म्हणजे गटाच्या हमीवर विनातारण मिळणाऱ्या छोट्या कर्जाला, सोलापुरात आयती जमीन मिळाली ती याच सवयीमुळे, असे माझे मत आहे.

आता फोनकडे वळू. भारतात मोबाइलवरचे पहिले संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी कोलकाता व दिल्ली यांच्यात झाले. त्या काळी येणाऱ्या कॉललाही पैसे पडत, त्यामुळे सोलापूरच्या पेठांत फोन म्हणजे एसटीडी-पीसीओचा पिवळा बूथच होता. बदल घडला तो २००२-०३ मध्ये. ऑक्टोबर २००२ मध्ये बीएसएनएलची मोबाइल सेवा आली, त्याच वर्षाअखेर रिलायन्सची सेवा सुरू झाली, मे २००३ पासून येणारे कॉल मोफत झाले आणि २००३ मध्येच नोकिया ११०० बाजारात आला. लोडशेडिंगच्या त्या वर्षांत त्याच्या टोकाला असलेली बॅटरी, म्हणजे टॉर्च, हे फोन घेण्याचे पुरेसे कारण होते. बूथवाल्याचे गिऱ्हाईक आटले, पण माणसे त्याला ओळखत होती आणि जागा मोक्याची होती. तो रिचार्जची कुपने विकू लागला, मग सिमकार्डे, मग चार्जर आणि कव्हरे, आणि शेवटी हँडसेट. आजच्या अनेक गाळ्यांची वंशावळ अशी पिवळ्या बूथपर्यंत मागे नेता येते.

रिचार्जमध्ये कमिशन थोडे असले तरी पैसा दिवसाच्या दिवशी फिरत असे. हँडसेटचे तसे नाही. त्यासाठी भांडवल आधी ओतावे लागते. फोनचा धंदा आणि छोटे कर्ज यांची गाठ पडली ती इथे.

ही गाठ शेजारच्या देशात आधीच बांधली गेली होती. बांगलादेशातील जोब्रा गावात मुहम्मद युनूस यांनी १९७६ मध्ये छोट्या कर्जांचा प्रयोग सुरू केला, १९८३ मध्ये ग्रामीण बँक स्थापन झाली आणि १९९७ मध्ये सुरू झालेल्या ग्रामीणफोनच्या जोडीने खेड्यातल्या स्त्रियांना हँडसेट घेण्यासाठी कर्ज मिळू लागले. या स्त्रिया गावकऱ्यांना मिनिटाच्या हिशेबाने फोन वापरायला देत आणि त्यातून हप्ता फेडत. आपल्याकडे नाबार्डने, म्हणजे शेती व ग्रामीण विकासाच्या राष्ट्रीय बँकेने, १९९२ मध्ये ५०० बचत गटांना बँकांशी जोडण्याचा पथदर्शी उपक्रम हाती घेतला. सोलापूरच्या शेजारी, सातारा जिल्ह्यातील म्हसवड येथे १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. गटाने एकमेकींची हमी घ्यायची, कर्ज स्त्रीच्या नावे द्यायचे आणि फेड लहान लहान हप्त्यांत करायची, ही पद्धत तोवर रूढ झाली होती. स्त्री पैसे बुडवत नाही आणि ठरलेल्या वेळी घरी सापडते, हा अनुभव त्यामागे होता. सोलापुरात विडी कामगार स्त्रिया एकाच वस्तीत, एकमेकींच्या शेजारी राहतात. कुंभारीजवळच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत तर त्यांची दहा हजार घरे आहेत. गट बांधू पाहणाऱ्या संस्थेला याहून सोयीची जागा कोणती मिळणार?

२०१० मध्ये आंध्र प्रदेशात सूक्ष्म कर्जाच्या या व्यवसायाला मोठा हादरा बसला. एकाच घराला अनेक कंपन्यांनी दिलेली कर्जे, वसुलीचा जाच आणि आत्महत्यांच्या बातम्या यांमुळे ऑक्टोबरमध्ये तेथील सरकारने अध्यादेश काढला आणि वसुली जवळजवळ थांबली. सोलापूरच्या पद्मशाली घरांची नातीगोती आज तेलंगणात असलेल्या गावांशी असल्याने ती बातमी इथे परकी नव्हती. या व्यवसायाचा अभ्यास करण्यासाठी नेमलेल्या मालेगाम समितीच्या शिफारशींनंतर रिझर्व्ह बँकेने २०११ अखेर सूक्ष्म वित्त कंपन्यांचा वेगळा वर्ग केला आणि व्याज, कर्जाची रक्कम, कर्जदाराचे उत्पन्न या सर्वांवर मर्यादा घातल्या. शहरी कर्जदारासाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा तेव्हा १,२०,००० रुपये होती. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या नियमांनी ती ३,००,००० रुपये केली, व्याजदराची कमाल मर्यादा काढून टाकली आणि सर्व कर्जांचे हप्ते मिळून घरच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक नसावेत, असे बंधन घातले. मुदतीपूर्वी कर्ज फेडल्यास दंड आकारता येत नाही, हेही त्याच नियमांत आहे. ही शेवटची तरतूद गटाच्या मीटिंगमध्ये मोठ्याने वाचून दाखवली जावी, असे मला मनापासून वाटते.

हिशेब जवळून पाहिला म्हणजे हे कर्ज गाळ्यापर्यंत का आले ते कळते. पन्नास हजार रुपये सावकाराकडून शेकडा पाचने घेतले, तर महिन्याला अडीच हजार नुसते व्याज जाते आणि मुद्दल जागचे हलत नाही. तेच पन्नास हजार वार्षिक २४ टक्के घटत्या शिलकीच्या (म्हणजे उरलेल्या मुद्दलावरच आकारलेल्या) व्याजाने दोन वर्षांसाठी घेतले, तर महिन्याचा हप्ता साधारण २,६४४ रुपये बसतो आणि चोवीस महिन्यांत मुद्दलासह सारे फिटते. म्हणजे सावकाराच्या व्याजात दीडशेच्या आसपास रुपये घातले की कर्जातून सुटका होते. रोजच्या वसुलीचे जे कर्ज पेठेत चालते, त्यात नऊ हजार हातात देऊन शंभर दिवस रोज शंभर रुपये घेतले जातात. ऐकायला हजाराचाच फरक वाटतो, पण दर दिवशी मुद्दल कमी होत असल्याने तो दर वर्षाकाठी शेकडा पंचाहत्तरच्या पुढे जातो. तरीही घाईच्या वेळी माणूस तिकडे वळतो, कारण गटाचे कर्ज मागताक्षणी मिळत नाही.

या धंद्याची खरी अडचण व्याजापेक्षा मालाच्या स्वभावात आहे. चादर कपाटात वर्षभर पडून राहिली तरी चादरच राहते. हँडसेट मात्र नवे मॉडेल येताच उतरतो. कंपनीच्या नोंदीतल्या मोठ्या विक्रेत्याला किमतीतील घट बऱ्याचदा भरून मिळते; त्याच्याकडून दोन-दोन नग उचलणाऱ्या गाळेवाल्याला ती मिळत नाही. हप्त्याची तारीख ठरलेली असते, माल कधी खपेल हे ठरलेले नसते. २००९ मध्ये याचा कडू अनुभव आला. दोन सिमचे, मोठ्या आवाजाचे, बिलाविना येणारे चायना मोबाइल तेव्हा धडाक्याने विकले जात होते. वैध आयएमईआय क्रमांक (प्रत्येक हँडसेटचा स्वतंत्र ओळख क्रमांक) नसलेल्या हँडसेटची सेवा ३० नोव्हेंबर २००९ नंतर बंद करण्याचा आदेश निघाला आणि असा माल भरून ठेवलेल्यांचा पैसा काउंटरमध्येच थिजला. २०१४ मध्ये शाओमीने केवळ ऑनलाइन विक्रीने भारतात पाऊल टाकले आणि गिऱ्हाईक गाळ्यात किंमत विचारून घरी जाऊन फोन मागवू लागले. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आले, नोव्हेंबरात नोटबंदी झाली, एप्रिल २०२० पासून मोबाइलवरील जीएसटी १२ वरून १८ टक्क्यांवर गेला, तेव्हा टाळेबंदी चालूच होती. त्या वर्षी हप्त्यांना सहा महिन्यांची सवलत मिळाली, पण व्याज थांबले नाही. सवलत घेतलेल्या घरांची मुदत लांबली आणि एकूण भरणा वाढला.

म्हणून जे गाळे टिकले आणि वाढले, त्यांनी कर्ज हँडसेटमध्ये कमी आणि झटपट फिरणाऱ्या वस्तूंत जास्त घातले, असे दिसते. टेम्पर्ड ग्लास, कव्हर, चार्जर, इअरफोन यांची खरेदी शंभर-दोनशेची असते, नफ्याचे प्रमाण चांगले असते आणि माल आठवड्यात निघतो, म्हणजे तो हप्त्याच्या तालावर चालतो. त्याहून खात्रीची कमाई दुरुस्तीची. फुटलेला डिस्प्ले बदलणे, चार्जिंगचा जॅक बसवणे यात मालापेक्षा हाताला मोल आहे. मी पाहिलेल्या गाळ्यात पहिल्या कर्जातून कव्हरे आणि सुटे भाग भरले गेले आणि दुसऱ्यातून हॉट एअर मशीन (गरम हवेने बारीक भाग काढण्या-बसवण्याचे यंत्र) व टेबलाला जोडायचा भिंगाचा दिवा आला. यंत्रमाग कामगार आठवड्याचा पगार झाला की फोन दुरुस्तीला टाकतात, त्यामुळे गल्ल्यात पैसा येण्याचा दिवस आणि हप्त्याचा दिवस जवळजवळ येतात.

सरकारी योजनांनीही मधल्या काळात काही दारे उघडली. ८ एप्रिल २०१५ रोजी सुरू झालेल्या मुद्रा योजनेत शिशु गटात पन्नास हजारांपर्यंत आणि किशोर गटात पाच लाखांपर्यंत विनातारण कर्जाची सोय झाली. जून २०२० मध्ये आलेल्या पीएम स्वनिधीने हातगाडीवर किंवा पदपथावर कव्हरे विकणाऱ्याला सुरुवातीला दहा हजारांचे कर्ज दिले आणि वेळेवर फेडल्यास पुढची मोठी रक्कम. जुलै २०२१ मध्ये किरकोळ व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणीत, म्हणजे छोट्या उद्योगांच्या सरकारी नोंदणीत, पुन्हा घेतले गेले आणि बँकांनी प्राधान्याने द्यायच्या अग्रक्रम कर्जासाठी गाळेवाला पात्र ठरला. या बदलाची चर्चा फारशी झाली नाही, पण गटाच्या कर्जातून बँकेच्या कर्जाकडे जाणारी पायरी हीच आहे.

त्या पायरीवर कर्जदाराच्या नावाचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. वर्षानुवर्षे हप्ते पत्नीने भरलेले असतात, कर्जफेडीचा इतिहास ठेवणाऱ्या सिबिलवर तिची नोंद स्वच्छ असते. दुकान, जीएसटी नोंदणी आणि चालू खाते मात्र नवऱ्याच्या नावे. बँकेत गेल्यावर एकाच घरात दोन अर्धे कर्जदार निघतात. शिवाय गटातील एखादी चुकली, तर बाकीच्यांनी तिचा हप्ता भरायचा, हे ओझेही तिनेच वाहिलेले असते. मीटिंगमध्ये दीड-दोन तास खोळंबून बसणाऱ्या बाया मी पाहिल्या आहेत. तेवढ्या वेळात वळल्या जाणाऱ्या विड्यांचे मोल कोणत्याही व्याजदरात धरलेले नसते.

त्या गाळ्यातल्या कर्जाचे शेवटचे चार हप्ते उरले होते. नवऱ्याने सेकंडहँड फोन घेण्याआधी त्याचा आयएमईआय क्रमांक संचार साथी या सरकारी पोर्टलवर तपासण्याची शिस्त लावून घेतली होती. पत्नी आधार आणि पॅन कार्डाच्या झेरॉक्स घेऊन शेजारच्या सेवा केंद्रात निघाली होती, दुकानाची उद्यम नोंदणी आपल्या नावे करायला.