श्रावणातला तिसरा दिवस

गटारीच्या दुसऱ्या दिवशी आमच्या आजोळी दरवर्षी ठरलेलं असायचं, मामा सकाळी लवकर अंघोळ करून देवासमोर उभा राहायचा, आता महिनाभर दारूला शिवणारपण नाही म्हणायचा आणि आजीच्या पाया पडायचा. आजीला रडू यायचं. मामी काहीच बोलायची नाही, कारण आठ-दहा दिवसात परत सुरू होणार हे तिला माहीत असायचं. पण एका वर्षी मामाने खरंच मनावर घेतलं आणि तेच जवळजवळ त्याच्या जिवावर बेतलं.

पहिल्या दिवशी हात एवढे थरथरत होते की कप बशीवर वाजायचा, शेवटी मामीने चहा पेल्यात दिला. दुसऱ्या दिवशी घाम, उलट्या, डोळ्याला डोळा नाही. घरातले सगळे म्हणत होते होतं असं, सवय जाताना त्रास होणारच, कळ काढ. तिसऱ्या रात्री अडीच-तीनला तो उठून बसला आणि गोधडीवरून काहीतरी वेचायला लागला. मुंग्या म्हणाला, किती झाल्यात बघ. एकही मुंगी नव्हती. मग मामीला ओळखेना, दाराशी कोण उभंय म्हणून ओरडायला लागला. अमावस्या नुकतीच झालीय, बाहेरचं असेल असं कोणीतरी बोललं, त्यात अंगारा लावून झाला, लिंबू उतरवून झालं आणि सकाळ उजाडली. अंग तव्यासारखं तापलं तेव्हा कुठे जीपमध्ये घालून तालुक्याला नेलं. डॉक्टरांनी पहिलं विचारलं, शेवटची कधी घेतली होती? मामी म्हणाली, तीन दिवस झाले, सोडलीय त्यांनी. ते सांगताना तिच्या आवाजात जो अभिमान होता तो मला अजून आठवतो. डॉक्टर म्हणाले, अहो मग सोडायच्या आधी का नाही आणलं?

मी तेव्हा फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि हा प्रश्न मलाही कधी पडला नव्हता. दारू पिऊन माणूस मरतो हे सगळ्यांना माहीत असतं, पण रोज भरपूर पिणारा माणूस दारू एकदम बंद केल्यानेही मरू शकतो हे आपल्याकडे फार कमी घरांना माहीत असतं.

होतं असं की आपल्या मेंदूत एक ब्रेक असतो आणि एक ॲक्सिलरेटर. ब्रेकचं काम करणारं मुख्य रसायन म्हणजे गाबा आणि ॲक्सिलरेटरचं काम करणारं ग्लुटामेट. दारू ब्रेक दाबते आणि ॲक्सिलरेटर ढिला करते, म्हणून प्यायल्यावर माणूस आधी सैल होतो मग जीभ जड होते मग झोप. पण रोज कोणी ब्रेक दाबून धरत असेल तर मेंदू काय गप्प बसत नाही, तो वर्षानुवर्षं हळूहळू स्वतःच जुळवून घेतो, गाबाला कमी दाद देतो आणि ग्लुटामेटचा निरोप घेणारे रिसेप्टर वाढवतो. म्हणून तर आधी एका क्वार्टरमध्ये चढायची तिथे दोन लागतात, आणि गावात लोक कौतुकाने सांगतात की याला कितीही पाजा, चढतच नाही. ते कौतुक करण्यासारखं अजिबात नाही, तो मेंदू बदलल्याचा पुरावा आहे.

आता अशा मेंदूतून दारू एका दिवसात काढून घेतली की काय होणार? ब्रेक गेला आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. साधारण सहा-आठ तासांत हात थरथरायला लागतात, घाम येतो, छातीत धडधडतं. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, ज्याला आयुष्यात कधी फिट आली नाही त्यालासुद्धा. आणि दोन ते चार दिवसांच्या दरम्यान काहींना ते होतं जे मामाला झालं, त्याला डॉक्टर डिलिरियम ट्रेमेन्स किंवा नुसतं डीटी म्हणतात, माणसाला दिवस कळत नाही, माणसं ओळखू येत नाहीत, नसलेल्या मुंग्या-साप-माणसं दिसतात, ताप येतो, बीपी आणि नाडी भडकते. उपचार नव्हते त्या काळात यात दगावण्याचं प्रमाण तीसेक टक्क्यांपर्यंत जायचं, आज वेळेत नेलं तर ते पाच टक्क्यांच्या खाली आहे. म्हणजे मधला सगळा फरक आपण दवाखाना कधी गाठतो याचा आहे, आणि आम्ही एक अख्खी रात्र अंगाऱ्यात घालवली.

आधीच्या वर्षांमध्ये असं का नाही झालं? तेव्हा नुसत्या थरथरण्यावर निभावून जायचं. पण मेंदूची एक खोड आहे, पुन्हा पुन्हा सोडणं-धरणं झालं की पुढच्या वेळचा त्रास आधीपेक्षा जास्त होत जातो, याला किंडलिंग म्हणतात. दरवर्षी श्रावणात एकदम बंद आणि मग परत रोज, असं वीस वर्षं करणाऱ्या माणसाला एकविसाव्या वर्षी फिट येऊ शकते. श्रावण पाळू नका असं माझं म्हणणं अजिबात नाही, महिन्यातून एखाद्या वेळी घेणाऱ्याला यातलं काही होत नाही. पण ज्याला सकाळी उठल्या उठल्या हात स्थिर करायला घोट लागतो त्याने आधी डॉक्टरला भेटायचं आणि मग सोडायची.

डॉक्टर करतात काय तर तोच सुटलेला ब्रेक काही दिवस औषधाने धरून ठेवतात, क्लोरडायझेपॉक्साइड किंवा लोराझेपामसारख्या गोळ्या, डोस रोज कमी कमी करत. या गोळ्या मेडिकलमधून स्वतःच्या मनाने आणून द्यायच्या नाहीत, त्यांचीही सवय लागते आणि दारूबरोबर घेतल्या तर श्वास बंद पडू शकतो. दुसरी गोष्ट फार साधी आणि फार महत्त्वाची, बी-वन जीवनसत्त्वाचं इंजेक्शन. पिणारा माणूस नीट जेवत नाही आणि जे खातो त्यातलं बी-वन दारूमुळे आतड्यातून नीट शोषलं जात नाही. ते फारच कमी झालं की चाल लडखडते, डोळ्यांची हालचाल बिघडते, माणूस गोंधळतो, आणि तेव्हाही दिलं नाही तर स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते. न पिता लडखडणारा माणूस बघून लोक म्हणतात आजपण टाकून आलाय. मामाच्या बाबतीतही आम्ही हेच म्हटलं होतं.

यानंतरची गोष्ट मामीने मला दवाखान्याच्या कॉरिडॉरमध्ये सांगितली, हळूच, पदर तोंडाशी धरून. एसटी स्टँडच्या भिंतीवर जाहिरात असते ना, पिणाऱ्याला न सांगता दारू सोडवा, ती पावडर तिने मागच्या उन्हाळ्यात आणून आमटीत घातली होती. पंधरा दिवस. त्यात काय होतं तिला माहीत नाही, मला पण नाही. पण अशा न सांगता देण्याच्या प्रकारात डायसल्फिरामसारखं औषध असेल तर काय होऊ शकतं ते सांगते. शरीरात दारूचं आधी ॲसिटाल्डिहाइड बनतं, ते विषारी असतं, आणि एक एन्झाइम ते लगेच पुढे मोडून टाकतं. डायसल्फिराम हे एन्झाइम बंद पाडतं. त्यामुळे गोळी घेऊन वर दारू प्यायली की विष साठतं, चेहरा लालभडक, उलट्या, छातीत धडधड, बीपी एकदम खाली. अशक्त हृदयाच्या माणसाचा त्यात जीव जाऊ शकतो. हे औषध वाईट नाही बरं का, १९४० च्या दशकात डेन्मार्कमध्ये त्याचा हा गुण ओळखला गेला आणि आजही ते वापरतात, पण त्याची सगळी ताकद माणसाला माहीत असण्यात आहे, आज गोळी घेतलीय म्हणजे आज प्यायची नाही हे त्याने स्वतः सकाळी ठरवण्यात आहे. न सांगता दिलं तर उरतो फक्त धोका, आणि कळलं की बायकोच्या हातच्या जेवणावरचा विश्वास जातो तो वेगळाच. आता नाल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट अशी ओढ कमी करणारी औषधंही आहेत, लिव्हर बघून डॉक्टर ठरवतात.

मामीवर मी चिडले नाही. चिडणार तरी कसं? दिल्लीच्या एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये आलेल्या राष्ट्रीय पाहणीत सुमारे पावणेतीन टक्के लोक दारूवर अवलंबून असल्याचं दिसलं, आणि त्यांच्यापैकी अडतिसात जेमतेम एकाला कसलातरी उपचार मिळाला होता. उरलेल्या सदतीस घरांमध्ये आमटीत पावडर पडत नसेल तर दुसरं काय होत असेल, मारामारी, शपथा, मंगळसूत्र गहाण, आणि मुलं. माझा मामेभाऊ तेव्हा नववीत होता. तो वही उघडून बसायचा पण कान अंगणात असायचे. गाडी स्टँडवर लावतानाच्या आवाजावरून त्याला कळायचं आज कसा आलाय ते, एका दमात स्टँड लागलं तर ठीक, दोनदा घसरलं तर तो वही मिटून धाकटीला घेऊन मागच्या दाराने शेजारी जायचा. कोणी शिकवलं नव्हतं त्याला. रोज संध्याकाळी शरीर असं सावध राहिलं की त्या मुलाची झोप, लक्ष, पोटसुद्धा बिघडतं, हा अभ्यासात मन नाही म्हणून मार खातो आणि कारण कोणालाच दिसत नाही.

त्यानेच मला एकदा विचारलं, ताई मी पण असाच होणार का? तर याचं खरं उत्तर असं आहे की दारूच्या व्यसनात साधारण निम्मा वाटा आनुवंशिकतेचा दिसतो, पण याचा अर्थ निम्मी मुलं पिणार असा होत नाही. धोका इतरांपेक्षा जास्त, एवढंच. मी त्याला म्हटलं, तुला बापाकडून दारू नाही मिळालेली, दारूला लवकर बळी पडणारा मेंदू कदाचित मिळाला असेल, आणि जो पहिला पेग घेतच नाही त्याच्यात तो तसाच पडून राहतो.

आता घरच्यांनी करायचं काय? नवऱ्याने उपचार घ्यायला नाही म्हटलं की बायकोच्या हातात काहीच नाही असं आपण धरून चालतो. अमेरिकेत १९९९ साली एका अभ्यासात घरच्यांनाच प्रशिक्षण देऊन बघितलं, तो शुद्धीत असताना त्याच्याशी कसं बोलायचं, न पिता आला त्या संध्याकाळी जवळ बसायचं, पिऊन आला की भांडायचं नाही पण त्याची ओकारीही पुसायची नाही, कामावर खोटा निरोप द्यायचा नाही, मार पडायची वेळ आली तर कुठे जायचं ते आधीच ठरवून ठेवायचं. या घरांमधले ६४ टक्के पिणारे पुढे उपचाराला आले. सगळ्यांनी घेरून एकदाच तोंडावर सुनावण्याच्या पद्धतीत हे प्रमाण ३० टक्के होतं. मला हा आकडा फार धीर देतो. पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली पुलं आणि सुनीताबाईंच्या देणगीतून मुक्तांगण सुरू केलं तिथेही बायकांसाठी सहचरी नावाचा वेगळा गट आहे, कारण आजारी एकटा नवरा नसतो. फोनवर विचारायचं असेल तर १४४४६ ही सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे, मनाच्या त्रासासाठी टेलिमानसचा १४४१६, दोन्ही फुकट.

मामा दवाखान्यातून नवव्या दिवशी घरी आला. मग जिल्ह्याच्या ठिकाणी मानसोपचारतज्ज्ञांकडे, मग गोळ्या, मग एएच्या म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या मीटिंगा. १९३५ साली अमेरिकेत दोन दारुड्यांनी एकमेकांना धरून सुरू केलेली ही गोष्ट आज मराठीतही चालते, पैसे लागत नाहीत, आणि २०२० मध्ये दहा हजारांहून जास्त लोकांवरचे अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा पूर्ण बंद ठेवण्यात ही वाट इतर समुपदेशनापेक्षा कमी तर पडली नाहीच, उलट काही बाबतीत सरस निघाली. अकरा महिन्यांनी एका लग्नात मामा घसरला. घरात पुन्हा रडारड, झालं सगळं वाया. वाया काही गेलं नव्हतं. बीपी आणि दम्याचे पेशंटसुद्धा पथ्य-गोळ्या सोडतात आणि परत बिघडतात, व्यसनात परत घसरण्याचं प्रमाण साधारण त्याच पट्ट्यात आहे, फक्त बीपी वाढलेल्या माणसाला कोणी तू शब्दाचा पक्का नाहीस म्हणत नाही. या वेळी मामीने चौथ्या दिवशीची वाट बघितली नाही, दुसऱ्याच सकाळी गाडीत बसवलं. नंतर अजून एकदा घसरला तेव्हा तो स्वतःच गेला.

आता सहा वर्षं झाली. लिव्हरवरची चरबी तर काही आठवड्यांतच उतरायला लागली होती, मेंदूला वेळ लागतो, महिने, काही बाबतीत वर्षं, पण आक्रसलेला भागही बराचसा भरून येतो. जे सहजासहजी जात नाही ते म्हणजे खुणा. डोपामाइन हे मेंदूतलं ओढ लावणारं रसायन नुसतं प्यायल्यावर सुटतं असं नाही, सवय लागलेल्या मेंदूत ते प्यायच्या आधीच सुटतं, दुकानाची पाटी दिसली की, ठरलेली वेळ झाली की, ठरलेला मित्र भेटला की, आणि माणसाला कळायच्या आत पाय तिकडे वळलेले असतात. व्हिएतनाममधून परतलेल्या हेरॉइनच्या व्यसनी अमेरिकन सैनिकांपैकी बहुतेक जण घरी आल्यावर पुन्हा त्या गर्तेत पडले नाहीत, त्यामागे ती जागा, ती माणसं, तो माल मागे राहणं हेही एक मोठं कारण मानलं जातं. मामाला गाव सोडता येणार नव्हतं, शेत तिथेच आहे.

शेताला जायचा सरळ रस्ता देशी दुकानावरून जातो. मामा गेली सहा वर्षं ओढ्याच्या बाजूने दीड किलोमीटरचा वळसा घालून जातो, पावसाळ्यात चिखलातून पण. परवा मामी त्याला म्हणाली, आता कशाला एवढं, झाली की सहा वर्षं. तो चपला हातात घेत म्हणाला, असू दे, या बाजूने मुंग्यांची आठवण येत नाही.