अभिजनीकरण, नागरी वस्त्यांचे : सांगली शहर

नागरी वस्तीतील कमी उत्पन्नाचे रहिवासी, जुने भाडेकरू आणि लहान व्यावसायिक हळूहळू बाहेर पडून त्यांच्या जागी अधिक ऐपतीचे लोक येणे, आणि त्यासोबत घरांचे स्वरूप, जमिनीचे भाव, दुकाने व शेजारसंबंध बदलत जाणे, या प्रक्रियेला अभिजनीकरण किंवा जेंट्रिफिकेशन म्हणतात. समाजशास्त्रज्ञ रूथ ग्लास यांनी १९६४ मध्ये लंडनच्या कामगारवस्त्यांत मध्यमवर्ग शिरू लागल्याचे वर्णन करताना ही संज्ञा प्रथम वापरली. भूगोलज्ञ नील स्मिथ यांनी १९७९ मध्ये तिला आर्थिक स्पष्टीकरण दिले : एखाद्या जागेतून प्रत्यक्ष मिळणारे भाडे आणि तिचा पुरेपूर उपयोग केल्यास मिळू शकेल असे भाडे यांतील तफावत पुरेशी रुंदावली, की भांडवल त्या जागेकडे वळते. महाराष्ट्रात या प्रक्रियेचे सर्वांत ठळक उदाहरण मुंबईच्या गिरणगावाचे. १९८२ च्या संपानंतर बंद पडत गेलेल्या गिरण्यांच्या जमिनी १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने आणि तीत २००१ मध्ये झालेल्या बदलाने बाजारात आल्या, चाळींच्या शेजारी मॉल आणि मनोरे उभे राहिले. सातारा-सांगलीकडच्या अनेक कुटुंबांनी हा बदल लांबून पाहिलेला नाही, कारण त्यांच्याच घरातली माणसे त्या गिरण्यांत कामाला होती.

सांगलीत मात्र गिरणीचे भोंगे बंद पडून वस्ती बदलली नाही. येथे जमिनीचा भाव ठरवण्यात कृष्णेच्या पाण्याचा वाटा मोठा आहे, आणि त्यामुळे ग्लास किंवा स्मिथ यांनी मांडलेले चित्र या शहराला जसेच्या तसे लागू पडत नाही.

चिंतामणराव पटवर्धन यांनी १८०१ मध्ये मिरजेपासून वेगळे होऊन सांगली हे आपल्या संस्थानाचे ठाणे केले. गणेशदुर्ग, नदीकाठचे गणपती मंदिर, गावभाग, खणभाग, गणपती पेठ, वखारभाग असे जुने शहर नदीला धरूनच वाढले. घाट, देऊळ, बाजार आणि राजवाडा एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर होते, आणि हळद, गूळ, भुसार मालाच्या उलाढालीमुळे व्यापारी, अडते, हमाल, मुनीम, कारागीर यांची घरे एकमेकांना खेटून होती. एकाच वाड्यात पुढच्या सोप्यात मालक, माडीवर शिक्षक किंवा कारकून भाडेकरू आणि परसाकडच्या खोलीत एखादे कष्टकरी कुटुंब अशी राहणी सर्रास आढळे. या शेजाराला समतेचे रूप देण्याचे कारण नाही. कोणी कुठल्या दाराने आत यायचे हे ठरलेले असे. तरीही वेगवेगळ्या मिळकतीची माणसे एकाच छपराखाली राहत होती, आणि हीच रचना पुढे मोडली.

पहिला बदल बाहेर जाण्याचा होता. सांगली-मिरज रस्त्यावरील विश्रामबाग परिसरात १९१९ मध्ये विलिंग्डन महाविद्यालय आणि १९४७ मध्ये अभियांत्रिकी महाविद्यालय, म्हणजे आजचे वालचंद महाविद्यालय, सुरू झाले. प्राध्यापक, डॉक्टर, वकील, साखर कारखानदारीतून वर आलेले बागायतदार यांनी त्या बाजूला बंगले बांधले. १९९८ मध्ये सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून महानगरपालिका झाल्यावर दोन शहरांमधली ही जमीन मध्यभागी आली. पुढे जिल्हाधिकारी कार्यालय आणि न्यायालय राजवाडा परिसरातून याच सांगली-मिरज रस्त्यावरील विजयनगरला गेले. कचेरी हलली की तिच्या आश्रयाने जगणारे मुद्रांक विक्रेते, टंकलेखक, झेरॉक्सवाले, वकिलांचे कारकून आणि चहाची गाडी यांनाही हलावे लागते. ज्यांना नव्या ठिकाणचा गाळा परवडला ते गेले, बाकीचे राजवाडा चौकातल्या रोडावलेल्या गिऱ्हाइकावर राहिले.

या स्थलांतराला पुराने वेग दिला. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे. २००५ मध्ये पाणी त्याच्या कितीतरी वर गेले, २०१९ मध्ये ५७ फुटांच्या पुढे पोहोचले आणि २०२१ मध्ये जुन्या बाजारपेठेत पुन्हा शिरले. सांगलीत पावसाळ्यात ‘किती फूट झालं?’ हा प्रश्न ज्या सहजतेने विचारला जातो त्याच सहजतेने घर विकत किंवा भाड्याने घेतानाही विचारला जातो, फक्त तेव्हा त्याचा अर्थ ‘२०१९ ला इथे पाणी कुठवर होते?’ असा असतो. एजंटाला या प्रश्नाचे उत्तर तोंडपाठ असते. मजबूत, हवेशीर, भर बाजारातला वाडा या एका उत्तरापायी स्वस्त ठरतो आणि शहराबाहेरचा आखूड प्लॉट महाग होतो.

स्मिथ यांची तफावत येथे निर्माण होते ती अशी. जुन्या शहरात पुराच्या भीतीने आणि भाडे नियंत्रणाच्या कायद्याने भाडी खाली राहिली, जागेचे मोक्याचे स्थान मात्र कायम होते. ही तफावत भरून काढली ती खांबांवर उभारलेल्या इमारतीने आणि लिफ्टने. वाडा पाडून तळमजला पार्किंगला सोडला आणि राहती घरे पहिल्या मजल्यापासून वर नेली, की तीच जागा पुन्हा विकण्याजोगी होते. राज्यभरासाठी २०२० मध्ये लागू झालेल्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीनेही निळ्या आणि लाल पूररेषेमधल्या बांधकामासाठी जोत्याची उंची लाल रेषेच्या हिशेबाने ठरवली आहे. निळी रेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. सांगलीकरांनी अवघ्या १६ वर्षांत तीन मोठे पूर पाहिले असल्याने या हिशेबावर त्यांचा फारसा भरवसा नाही.

अशा एखाद्या नव्या इमारतीच्या तळमजल्यावर उभे राहिले, की बदल नेमका कोणाच्या वाट्याला काय देऊन गेला ते दिसते. वरच्या मजल्यावरचे कुटुंब पुराच्या दिवसांत अडकते, त्याची गाडी आणि पाण्याची मोटर बुडते, पण घर कोरडे राहते. पार्किंगच्या कोपऱ्यात दहा बाय दहाच्या खोलीत राहणारा रखवालदार, रस्त्याकडेच्या गाळ्यातला शिंपी किंवा इस्त्रीवाला यांचे सगळेच जमिनीच्या पातळीवर असते. वाड्यातही गरीब कुटुंब खालीच राहत असे, हे खरे. मात्र पाणी चढू लागले की त्याची धान्याची पिंपे आणि अंथरुणे मालकाच्या माडीवर जात. फ्लॅटच्या जिन्यात अशी सोय होत नाही असे नाही, पण ती आता शेजारधर्मापेक्षा सोसायटीच्या सेक्रेटरीच्या मर्जीवर असते.

भाडेकरूंचे काय होते हा या विषयाचा गाभा होय. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ नुसार मालकाला इमारत पाडून नवी बांधण्यासाठी ताबा मागता येतो, परंतु संरक्षित भाडेकरूला नव्या इमारतीत जागा मिळण्याची तरतूदही त्यात आहे. कागदावर ही तरतूद भक्कम आहे. व्यवहारात वाड्याचे वारस अनेक, त्यांतले काही पुण्याला किंवा परदेशी, बिल्डर घाईत आणि भाडेकरू वयस्कर असतो. दावा वर्षानुवर्षे चालवण्यापेक्षा रोख रक्कम घेऊन जागा सोडण्याकडे कल होतो. ती रक्कम त्याच गल्लीत घर घेण्याइतकी क्वचितच असते. अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स करारावर राहणाऱ्यांना एवढीही बाजू नसते, आणि बाजारात नव्याने कामाला आलेली बहुतेक माणसे याच करारावर राहतात. वाड्याचा मालक मात्र अनेकदा त्याच जागी एक-दोन फ्लॅट घेऊन राहतो. त्यामुळे जुने घराणे बाहेर आणि नवश्रीमंत आत असे सरळ चित्र सांगलीत मिळत नाही. आडनावे तीच राहतात, भाडेकरू तेवढे जातात. भारतीय शहरांना ही पाश्चात्त्य संज्ञा लावावी की नाही यावरील वादात हा तपशील पुरेसा विचारात घेतला जात नाही.

वाड्यांतून आणि चाळींतून निघालेल्यांपैकी अनेकांना गुंठेवारीने सामावून घेतले. शेतजमिनीचे गुंठ्या-गुंठ्याने, म्हणजे १,०८९ चौरस फुटांच्या तुकड्यांनी, मंजूर आराखड्याशिवाय विकलेले प्लॉट म्हणजे गुंठेवारी. शेतजमिनीचे लहान तुकडे पाडण्यास मनाई करणाऱ्या १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याला बगल देऊन नोटरीच्या कागदावर झालेले हे व्यवहार सांगलीत फार मोठ्या प्रमाणावर आहेत. शामरावनगरसारख्या भागात काळी, पाणी धरून ठेवणारी सखल जमीन होती आणि ती स्वस्त होती ती त्याच कारणाने. महापूर नसतानाही तेथे पावसाचे पाणी दिवसेंदिवस साचून राहते, कारण ते वाहून नेणारे नैसर्गिक नाले प्लॉट पाडताना बुजले. गावभागातून पुराला कंटाळून निघालेले कुटुंब अशा रीतीने पाण्यातच जाऊन बसले.

गुंठेवारीची कथा येथे संपत नाही. राज्याने २००१ मध्ये गुंठेवारी नियमितीकरणाचा कायदा केला आणि २०२१ मधील दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना त्याचा लाभ दिला. प्रमाणपत्र मिळाले की बँक कर्ज देते, गटार आणि पक्का रस्ता मागता येतो, आणि प्लॉटची किंमत चढते. मग ज्याने विटांच्या दोन खोल्या उभ्या करून, चिखल तुडवत दिवस काढले तोच चांगला भाव आला म्हणून विकून कुपवाडच्या पुढे, बामणोली किंवा मालगावच्या बाजूला सरकतो, आणि त्याच्या प्लॉटवर नोकरदाराचा दुमजली बंगला उभा राहतो. कायद्याचा हेतू गरिबाचे घर सुरक्षित करण्याचा होता आणि काही अंशी तो सफल झाला. परंतु तोच कागद वस्ती बदलण्याचे साधनही ठरला, हे मान्य करावे लागते. शंभर फुटी रस्त्यालगत गॅरेजे आणि भंगाराची दुकाने यांच्या मधून हॉटेले, शोरूम, क्लासेस उगवत गेले तेही याच ओघात.

व्यवसायांवरचा परिणाम हरिपुरात वेगळ्या रूपाने दिसतो. कृष्णा आणि वारणेच्या संगमावरील या गावात हळद साठवण्याची पेवे होती : अरुंद तोंडाचे, आत रुंदावत जाणारे खोल खड्डे, ज्यांत हळद वर्षानुवर्षे कीड न लागता टिके. पेव भरणे, तोंड लिंपून बंद करणे, उघडताना आतली कोंदट हवा जाऊ देऊन मगच माणूस उतरवणे हे कसबाचे काम होते. २००५ च्या पुरात पाणी शिरून अनेक पेवे निकामी झाली आणि साठवण गोदामांकडे व शीतगृहांकडे वळली. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा तिच्या साठवणीची ही रीत जवळजवळ मोडीत निघाली होती. हरिपूर रस्त्याला आज अपार्टमेंटची रांग आहे, आणि नदीकाठचा देखावा हा तिच्या जाहिरातीचा भाग आहे.

शाळा, तालमी आणि मंडळे यांवरील परिणाम थोडक्यात सांगता येईल. जुन्या भागातील मराठी शाळांचा पट घटला, इंग्रजी माध्यमाच्या शाळा विश्रामबागेच्या बाजूला वाढल्या. तालमींत घाम गाळणारी पोरे आता दूरच्या उपनगरांतून येतात किंवा येत नाहीत. गणेशोत्सवात मात्र बाहेर गेलेली कुटुंबे जुन्या गल्लीतच वर्गणी देतात, आणि मंडळाचे अध्यक्षपदही पुष्कळदा त्यांच्याकडेच असते.

मिरजेत सतारमेकर गल्लीचा अनुभव तुलनेसाठी उपयोगी आहे. मिशन रुग्णालयाच्या परंपरेमुळे हे शहर वैद्यकीय केंद्र बनले आणि रुग्णालयांच्या आसपास लॉज, औषध दुकाने व भाड्याच्या खोल्या यांनी जुनी वस्ती बदलून टाकली. सतार आणि तंबोरे घडवणाऱ्यांच्या गल्लीत मात्र घर आणि कारखाना एकाच ठिकाणी राहिले. भोपळे वाळत घालायला गच्ची आणि तारा चढवायला पुढची ओसरी लागते, आणि हे दोन्ही फ्लॅटमध्ये मिळत नाही. जिथे जागा कारागिराच्या स्वतःच्या नावावर आहे तिथे बिल्डरशी बोलणी करायची की नाही हे तोच ठरवतो. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. भाड्याच्या जागेत काम करणाऱ्या कारागिराला त्या मानांकनाने भाडेवाढीपासून कोणतेही संरक्षण मिळत नाही.