कोणाच्या मागे जावे? प्रसिद्ध व्यक्ती आणि त्यांच्या अनुसरणाची पार्श्वभूमी

समाजमाध्यमांवर कोणत्या प्रसिद्ध व्यक्तींना फॉलो करावे, याच्या याद्या आता सर्रास निघतात आणि त्यांत बहुधा फॉलोअर्सचा आकडा हाच निकष असतो. आकड्यावरून माणूस किती ठिकाणी पोहोचला हे कळते. तो आपल्यापर्यंत कोणाच्या खर्चाने पोहोचला हे मात्र कळत नाही. वास्तविक हा दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा पुष्कळ जुना असून सांगली आणि सातारा या दोन जिल्ह्यांच्या इतिहासात त्याची उत्तरे निरनिराळ्या काळी निरनिराळी मिळालेली दिसतात.

५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीत विष्णुदास भावे यांनी ‘सीता स्वयंवर’ रंगभूमीवर आणले, तेव्हा त्यामागे संस्थानिक चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांची इच्छा होती आणि त्यांचाच आश्रय होता. नट दरबाराचे आणि प्रेक्षकही बव्हंशी दरबाराशी संबंधित, असा तो व्यवहार होता. १८५१ मध्ये आप्पासाहेबांचे निधन झाले, आश्रय संपला आणि भाव्यांना मंडळी घेऊन गावोगाव दौरे करावे लागले. १८५३ मध्ये ते मुंबईपर्यंत पोहोचले. मराठी नाटक तिकिटावर जगू लागले, ते असे निरुपायाने. नटाला पाहण्यासाठी ज्याने स्वतःच्या खिशातून पैसे मोजले, तो अनोळखी माणूस म्हणजेच आजच्या ‘फॅन’चा पूर्वज होय.

या पूर्वजाचे वर्तन पुढे बालगंधर्वांच्या काळात पूर्ण रूपाला आले. पलूस तालुक्यातील नागठाणे हे बालगंधर्वांचे गाव. (साताऱ्याजवळही एक नागठाणे आहे, पण हे ते नव्हे.) स्त्रीभूमिका करणाऱ्या या पुरुष नटाची लुगडे नेसण्याची ढब, केशरचना आणि दागिन्यांची निवड प्रतिष्ठित घरांतील स्त्रिया उचलू लागल्या. प्रसिद्ध व्यक्तीचे पाहून आपल्या राहणीत बदल करणे, हे जर आजच्या ‘इन्फ्लुएन्सर’चे लक्षण मानायचे असेल, तर हा शब्द येण्यापूर्वी शंभर वर्षे ती गोष्ट मराठी समाजात घडून गेली होती. फरक एवढाच की, त्या अनुकरणाचे बालगंधर्वांना कोणी पैसे देत नव्हते. उलट रंगमंचावरच्या थाटाचा खर्च त्यांच्याच कंपनीवर पडे आणि त्या कंपनीला कर्जाचा मोठा बोजा सोसावा लागला.

‘अनुयायी’ हा शब्द मात्र त्या काळी नटाच्या चाहत्याला कोणी लावला नसता, हेही येथे नमूद केले पाहिजे. अनुयायी असत ते संतांचे, पंथाचे, फार तर पुढाऱ्याचे. आषाढी वारीत ज्ञानोबांची पालखी नीरा ओलांडून लोणंद, फलटणमार्गे सातारा जिल्ह्यातून जाते, तिच्या मागून चालणारा वारकरी शब्दशः अनुयायी असतो, कारण त्याला पायी चालावे लागते. ‘फॉलोअर’ हा इंग्रजी शब्द आपण जसाच्या तसा ठेवला आणि त्याचे भाषांतर कटाक्षाने टाळले, त्याचे कारण बहुधा हेच असावे.

छापील माध्यमाच्या बाबतीत सांगली जिल्ह्याने एक विलक्षण उदाहरण घालून दिले. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये माळरानावर वसवलेल्या किर्लोस्करवाडीतून १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केली. ती मुळात कारखान्याची खबर होती. नांगर आणि चरक विकणाऱ्या कंपनीने आपल्या माणसांसाठी व गिऱ्हाइकांसाठी काढलेले पत्रक होते. पुढे त्याचे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले, १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ त्याला येऊन मिळाले, आणि महाराष्ट्राच्या मध्यमवर्गाने कोणाला वाचावे व कोणाची मते विचारात घ्यावीत, हे ठरवण्यात या तीन मासिकांचा वाटा मोठा राहिला. आजच्या भाषेत सांगायचे तर हा ‘ब्रँडेड कंटेंट’च, म्हणजे कंपनीने आपल्या नावाच्या प्रसिद्धीसाठी काढलेला मजकूरच होता. तथापि त्यात लपवाछपवी नव्हती, कारण कारखान्याचे नाव मुखपृष्ठावरच छापलेले असे. माझ्या मते या संपूर्ण इतिहासातील सर्वांत बोलकी गोष्ट हीच आहे. याच सुमारास सिनेमानेही जाहिरातीचा मार्ग धरला आणि १९४१ मध्ये लीला चिटणीस लक्स साबणाच्या जाहिरातीत झळकलेल्या पहिल्या भारतीय अभिनेत्री ठरल्या. तेथेही पाहणाऱ्याला ही जाहिरात आहे, हे वेगळे सांगावे लागत नव्हते.

इंटरनेटने हे सारे बदलले, असे म्हटले जाते. सुरुवातीला त्याने जुनाच शब्द वापरला. नोव्हेंबर २००७ मध्ये फेसबुकने प्रसिद्ध व्यक्तींसाठी आणि कंपन्यांसाठी स्वतंत्र पाने सुरू केली, तेव्हा त्यांवर ‘फॅन’ होण्याची सोय होती. २०१० मध्ये ‘फॅन’ जाऊन तेथे ‘लाइक’ आले. एखाद्याचे चाहते असणे आणि त्याचे एक पान आवडणे यांतले अंतर त्या एका बदलाने मिटवून टाकले. ट्विटरवर २००९ च्या एप्रिलमध्ये दहा लाख फॉलोअर्स सर्वांत आधी कोण गाठतो, अशी शर्यत अमेरिकी अभिनेता ॲश्टन कुचर आणि सीएनएन यांच्यात लागली व कुचरने ती जिंकली. त्याच वर्षी टोनी ला रुसा या बेसबॉल प्रशिक्षकाने आपल्या नावाच्या बनावट खात्यावरून ट्विटरवर दावा लावला आणि त्यानंतर लवकरच ओळख पडताळलेल्या खात्यांची निळी खूण अवतरली. म्हणजे ही खूण माणूस थोर असल्याची कधीच नव्हती. तो तोतया नाही, एवढेच ती सांगत होती. आपल्याकडे तिला प्रतिष्ठेचे चिन्ह मानले गेले. २०२२ मध्ये ती मासिक वर्गणीवर मिळू लागली आणि एप्रिल २०२३ मध्ये ट्विटरने जुन्या खुणा काढून टाकल्या, तेव्हा तिचा मूळ अर्थही उरला नाही.

आपल्या भागात या माध्यमांचा खरा प्रसार सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यानंतर, डेटा स्वस्त झाल्यावर झाला. तोवर प्रसिद्धीचे साधन चौकातला फ्लेक्स हेच होते आणि वाढदिवसाच्या फ्लेक्सवर खाली ओळीने लावलेले शुभेच्छुकांचे चेहरे हीच स्थानिक फॉलोअर्सची मोजदाद होती. टिकटॉकने जत, खटाव, माण अशा तालुक्यांतील मुलामुलींनाही कॅमेऱ्यासमोर आणले. २९ जून २०२० रोजी त्यावर बंदी आली आणि पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामने भारतात रील्स सुरू केले.

यानंतर खर्चाचा जुना प्रश्न नव्याने उभा राहिला. प्रसिद्ध व्यक्ती आता थेट आपल्याशी बोलते, मध्ये कोणी नाही, असे वाटत असतानाच त्या बोलण्याचे पैसे तिसराच कोणी देत असल्याचे दिसू लागले. जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये इन्फ्लुएन्सरसाठी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २० जानेवारी २०२३ रोजी काढलेल्या सूचनांनुसार केवळ रोख मोबदलाच नव्हे, तर फुकट मिळालेली वस्तू, सहल वा मुक्कामही स्पष्टपणे सांगणे बंधनकारक झाले. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी दहा लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तोच प्रकार घडल्यास पन्नास लाखांपर्यंत दंडाची तरतूद कायद्यात आहे. किर्लोस्करवाडीने मुखपृष्ठावर आपण होऊन जे छापले, ते आता दंडाच्या धाकाने लिहवून घ्यावे लागते.

तेव्हा फॉलो करण्याजोगे कोण, हे ठरवताना खाते नसते तरी या माणसाचे काम उरले असते का, एवढे पाहणे मला पुरेसे वाटते. सांगलीत वाढलेली आणि २०२५ च्या विश्वचषकविजेत्या संघाची उपकर्णधार असलेली स्मृती मानधना. २०२३ मध्ये बर्लिनला वयाच्या सतराव्या वर्षी तिरंदाजीत वैयक्तिक विश्वविजेतेपद मिळवणारी साताऱ्याची अदिती स्वामी. पॅरिसच्या पॅरालिंपिकमध्ये १६.३२ मीटर गोळा फेकून रौप्यपदक मिळवणारे आटपाडी तालुक्यातील करगणीचे सचिन खिलारी. आणि अभिनयाइतकेच सह्याद्री देवराईच्या झाडांसाठी ओळखले जाणारे साताऱ्याचे सयाजी शिंदे, ही नावे त्या कसोटीला उतरतात. यातही खेळाडूंच्या खात्यांवर जाहिराती असतातच, आणि त्यात वावगे काही नाही. पदकाआधीच्या वर्षांचा खर्च कोणी तरी सोसलेला असतो.

कसोटीची दुसरी बाजूही सातारा जिल्ह्यातच दिसते. आमिर खान यांच्या पुढाकाराने २०१६ मध्ये स्थापन झालेल्या पानी फाउंडेशनने गावागावांतील जलसंधारणाच्या कामांची पहिली वॉटर कप स्पर्धा ज्या तीन तालुक्यांत घेतली, त्यांत कोरेगाव होता आणि त्याच तालुक्यातील वेळू गावाने पहिले पारितोषिक मिळवले. मार्च २०२१ मध्ये आमिर खान यांनी आपली वैयक्तिक समाजमाध्यम खाती सोडून दिली. वेळूच्या शिवारातील समतल चर त्यामुळे बुजले नाहीत.

आणि ज्यांचे खाते कधी असण्याचा संभवच नव्हता, ते कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. या प्रवासासाठी गावकऱ्यांनी वर्गणी काढली आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून पैसे उभे केले. परतल्यावर कराडहून गावापर्यंत शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. पुढे खाशाबांनी कुस्त्यांचे फड भरवले आणि त्यातून प्राचार्यांचे पैसे फेडले. १५ जानेवारी २०२३ रोजी, त्यांच्या ९७ व्या जन्मदिनी, गुगलने आपल्या मुख्य पानावर त्यांचे चित्र लावले. इन्फ्लुएन्सरने कोणाकडून काय घेतले ते जाहीर करावे, ही सरकारी सूचना त्यानंतर पाचव्या दिवशी निघाली.