स्टाइललिंट, एससीएसएस आणि गेलेली स्वयंओळख

स्टाइललिंट हे सीएसएस (वेबपानांचे रूप ठरवणारी भाषा) तपासून चुका दाखवणारे साधन, म्हणजे लिंटर. ते २०१५ मध्ये पोस्टसीएसएस या सीएसएस वाचून बदलणाऱ्या साधनाच्या पायावर उभे राहिले. त्याआधी एससीएसएस (सीएसएसला जादा सोयी देणारी, शेवटी सीएसएसमध्ये कंपाइल होणारी भाषा) तपासण्यासाठी रुबीत लिहिलेला वेगळा लिंटर वापरात होता. स्टाइललिंटने एससीएसएस तपासताना आज होणारी गुंतागुंत मात्र त्याच्या ऑक्टोबर २०२१ च्या १४व्या आवृत्तीतून आली आहे.

तोवर फाइलचे एक्स्टेन्शन पाहून सिंटॅक्स कोणता ते स्टाइललिंट स्वतःच ठरवत असे. ही सोय ज्या जोड-पॅकेजवर चालत होती ते पोस्टसीएसएसच्या सातव्या आवृत्तीशी बांधलेले होते. आठवीकडे जायचे तर ते ओझे उतरवणे भाग होते. त्यामुळे स्वयंओळख आणि 'सिंटॅक्स' हा पर्याय दोन्ही काढले गेले, मुळात फक्त साधे सीएसएस उरले आणि बाकीचा भार फाइल वाचणारे पॅकेज (पार्सर) स्वतः नेमण्याच्या 'कस्टमसिंटॅक्स' या पर्यायावर, म्हणजे वापरणाऱ्यावर, आला. देखभालीच्या दृष्टीने निर्णय योग्यच होता. पण काल चालणारी फाइल आवृत्ती वाढवताच 'अननोन वर्ड' म्हणून अडते, आणि कारण एवढेच की फाइलमधल्या एखाद्या सीएसएस-नियमाच्या कंसांत कुठेतरी दोन तिरक्या रेघांची (//) टिप्पणी आहे, जी एससीएसएसमध्ये चालते पण साध्या सीएसएसमध्ये नाही, हे वापरणाऱ्याने कसे ओळखावे?

त्यात नावाचा घोळ. एससीएसएसचे मूळ असलेले सॅस २००६ साली आले ते कंसांविना, इंडेंटेशनवर (ओळीआधीच्या मोकळ्या जागेवर) चालणारे. महिरपी कंसांचे एससीएसएस २०१० मध्ये तिसऱ्या आवृत्तीसोबत आले आणि बहुतेकांनी तेच उचलले. 'आमचे काम सॅसमध्ये आहे' असे म्हणणाऱ्याच्या फाइली आज बहुधा एससीएसएसच असतात, आणि नावावर विसंबून तो पोस्टसीएसएस-सॅस हा पार्सर बसवतो, जे जुन्या, इंडेंटेशनच्या पद्धतीसाठी आहे. त्याला हवे असते पोस्टसीएसएस-एससीएसएस.

पार्सर मिळाला तरी तो फक्त वाचतो, कंपाइल करत नाही. म्हणून 'अॅट-इन्क्लूड' किंवा 'अॅट-मिक्सिन' हे एससीएसएसचे खास आदेश दिसताच अनोळखी अॅट-रूलबद्दलचा ('@'ने सुरू होणाऱ्या आदेशांबद्दलचा) स्टाइललिंटचा मूळ नियम तक्रार करतो. तो बंद करून स्टाइललिंट-एससीएसएस या प्लगइनमधला त्याच कामाचा नियम लावावा लागतो. स्टँडर्ड-एससीएसएस हे तयार कॉन्फिग (मांडणी-फाइल) आपल्या कॉन्फिगच्या 'एक्स्टेंड्स' या विभागात घेतले की ही अदलाबदल आणि पार्सरची जोडणी दोन्ही होतात.

हाताने जुळवणी करणारे अनेकजण 'कस्टमसिंटॅक्स' कॉन्फिगच्या मुळाशीच लिहितात. मग साध्या सीएसएस फाइलीही एससीएसएस म्हणून वाचल्या जातात आणि त्यांतली दोन रेघांची टिप्पणी बिनबोभाट पास होते. ब्राउझर मात्र तिला टिप्पणी मानत नाही आणि तिच्या लगेच पुढचे डिक्लरेशन (गुणधर्म आणि त्याचे मूल्य) गिळून टाकतो. १४व्या आवृत्तीतच आलेला 'ओव्हरराइड्स' हा विभाग अशासाठीच आहे: पार्सर तिथे, फक्त एससीएसएस फाइलींपुरता नेमावा.