निगेटिव्हमध्ये नसलेला पिवळा रंग

कोवळ्या वयातलं पहिलं प्रेम, चित्रीकरणाच्याही तीस-चाळीस वर्षं आधीचा काळ, खिडकीतून उतरणारं मधाळ ऊन. असा एखादा चित्रपट १९७०च्या दशकात चित्रित झाला असेल आणि आता ४के (खूप बारीक तपशील दाखवणाऱ्या) डिस्कवर येणार असेल, तर धूळ आणि ओरखडे ही त्यातली सोपी कामं. खरा कस लागतो तो त्या उन्हाच्या रंगाचा, कारण तो रंग बऱ्याचदा मूळ निगेटिव्हमध्ये, म्हणजे कॅमेऱ्यातून गेलेल्या फिल्ममध्ये, नसतोच.

त्या काळी रंगाचा शेवटचा निर्णय प्रिंट, म्हणजे चित्रपटगृहात दाखवायची प्रत, छापताना व्हायचा. छपाईयंत्रात लाल, हिरवा आणि निळा असे तीन प्रकाश, प्रत्येकाला साधारण ० ते ५० अंकांची पट्टी, आणि प्रत्येक शॉटसाठी तीन आकडे. १२ अंक वाढवले की प्रकाश दुप्पट होतो. गंमत अशी की पिवळी छटा हवी असेल तर निळा प्रकाश वाढवावा लागतो. त्या प्रकाशाने प्रिंटमधल्या निळ्याला संवेदनशील थरात जास्त पिवळा रंग तयार होतो. छायाचित्रकाराने भिंगापुढे लावलेल्या फिल्टरची छटा निगेटिव्हवर उतरलेली असते, पण आकड्यांनी आणलेली छटा फक्त प्रिंटवर. म्हणून निगेटिव्ह थेट स्कॅन केली तर चित्र लख्ख येतं, पण 'तेव्हाचा काळ' हरवतो.

मग पुरावा शोधायचा कुठे? डब्यात त्या आकड्यांचा कागद सापडला तर उत्तमच. नाहीतर जुनी प्रिंट. पण १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला टिकाऊ रंगांची प्रिंट-फिल्म येण्याआधीच्या बहुतेक प्रिंट आज गुलाबी झालेल्या असतात, कारण त्यांतला निळसर-हिरवा सायन रंग अंधारात ठेवूनही आधी उडतो. अशी प्रिंट फेकून द्यायची नाही. तिचा रंग खोटा असला तरी शॉटांमधलं नातं खरं असतं: कोणता प्रसंग किती काळोखा, दिवसा चित्रित केलेली 'रात्र' किती गडद, फ्रेम वर-खाली कुठे कापलेली.

इथेच एक सापळा आहे. निगेटिव्हमधला पिवळा थर फिका पडला की पडद्यावर उजळ भाग पिवळट आणि सावल्या निळसर होतात. रंग जिथे दाट, तिथे तो जास्त गमावला जातो, आणि निगेटिव्हवर दाट असतो तो दृश्यातला उजेडाचा भाग. हा पिवळेपणा अगदी जुन्या आठवणीसारखा दिसतो, आणि घाईत तोच कलात्मक हेतू समजला जातो. ओळखायचं कसं? छपाईच्या आकड्यांनी आलेली छटा सावल्यांतही उतरते. सावल्या निळ्या आणि ऊन पिवळं अशी फारकत दिसली, तर आधी संशय घ्यायचा तो पिवळ्या थराच्या झिजेवर. ती सारख्या प्रमाणात सगळीकडे रंग चढवून भरून येत नाही. स्कॅनमधल्या निळ्या चॅनेलचा वक्र (कुठल्या उजेडाला किती निळा, ते ठरवणारी रेघ) उजळ टोकाकडे वेगळा वळवावा लागतो.

स्कॅनिंगचं गणित सरळ आहे. ३५ मिमी फिल्मच्या एका फुटात १६ फ्रेम, सेकंदाला २४. म्हणजे १०० मिनिटांना ९,००० फूट आणि १,४४,००० फ्रेम. ४०९६ × ३११२ पिक्सेल आणि १० बिट धरले तर एक फ्रेम सुमारे ५१ एमबीची, सगळं मिळून सात टीबीच्या वर. त्याआधी फिल्मच्या कडेची फाटलेली भोकं आणि सुटलेले जोड हाताने दुरुस्त करावे लागतात. डबा उघडताच आंबूस वास आला तर फिल्मचा ॲसिटेटचा (प्लास्टिकचा) पाया विघटित होतोय. फिल्म एक टक्क्याहून जास्त आकसली असेल तर दात्यांवर चालणाऱ्या यंत्रात ती फाटू शकते, म्हणून रुळांवर सरकवणारा स्कॅनर घ्यावा.

निगेटिव्हवरची धूळ पडद्यावर पांढरी दिसते, प्रिंटवरची काळी. रंगीत फिल्ममधले रंग अवरक्त (इन्फ्रारेड) किरणांना आरपार जाऊ देतात, धूळ अडवते; त्यामुळे अवरक्त स्कॅनमधून धुळीचा नकाशाच मिळतो. पुढचं काम सॉफ्टवेअर आधीच्या-नंतरच्या फ्रेमशी तुलना करून करतं, आणि तिथे ते चुकतं. एकाच फ्रेमपुरतं दिसणारं सगळं त्याला घाण वाटतं: पावसाचे थेंब, सायकलच्या आऱ्यांवरची चमक, उन्हात तरंगणारे कण. प्रेमकथेत हे सगळं ठासून भरलेलं असतं. असे शॉट आधीच वेगळे काढून माणसाने हाताने साफ करायला हवेत.

मऊपणाचंही तसंच. धुक्याचा फिल्टर किंवा भिंगावर ताणलेली जाळी यांमुळे दिव्यांभोवती वलय येतं, कडा विरघळतात. ते दोष समजून कडा धारदार केल्या की चेहऱ्यांभोवती पांढऱ्या रेषा उमटतात. ग्रेन, म्हणजे फिल्मचा मूळचा रवाळपणा, पुसला तर त्वचा मेणाची होते. आठवणींत नेणाऱ्या डिझॉल्व्हमध्ये (एक दृश्य विरत दुसरं उमटतं तिथे) ग्रेन अचानक जाड होतो, कारण तो तुकडा बऱ्याचदा मूळ निगेटिव्हचा नसून तिच्या प्रतीच्या प्रतीचा असतो. तिथे शेजारच्या शॉटशी जुळेल इतपतच हात लावावा.

एचडीआरमध्ये, म्हणजे उजेड-अंधाराचा जास्त पल्ला दाखवणाऱ्या चित्रात, मोह आवरावा. चित्रपटगृहात पडद्यावरचा पांढरा साधारण ५० निटचा (निट हे उजळपणाचं माप). चांगल्या टीव्हीवर १,००० निट मिळतात म्हणून मेणबत्ती तिथवर नेली तर डोळा चेहऱ्याऐवजी ज्योतीकडे जातो.

ग्रेन यादृच्छिक असल्याने मागच्या फ्रेमवरून त्याचा अंदाज बांधता येत नाही. त्याला बिट लागतातच. १०० मिनिटांच्या चित्रपटाला ६६ जीबीची अख्खी डिस्क दिली तर आवाज धरून सरासरी सेकंदाला ८८ मेगाबिट वाट्याला येतात. तिच्यावर तासन्‌तास मुलाखती भरल्या की ग्रेनचे चौकोनी ठोकळे होतात, सर्वांत आधी धुक्यात आणि काळोख्या भिंतींवर.

डिस्क घेताना वेष्टनावर '४के'पेक्षा स्रोत वाचा: मूळ निगेटिव्ह, इंटरपॉझिटिव्ह (निगेटिव्हवरून काढलेली मधली प्रत) की प्रिंट. आणि टीव्हीवर हालचाल गुळगुळीत करणारी सोय व नॉइज रिडक्शन बंद करा, कृत्रिम शार्पनेस काढा, रंगमान 'वॉर्म' ठेवा. 'कूल'वर ठेवलेला टीव्ही सगळ्या चित्रावर निळसर छटा चढवतो आणि आकड्याआकड्याने परत आणलेला पिवळा पुन्हा पुसून टाकतो.