‘ड्राइव्हवर आहे’ म्हणजे बॅकअप आहे असे नव्हे

नाशिकमधल्या अंबड आणि सातपूरच्या औद्योगिक वसाहतींतल्या लहान कारखान्यांचे संगणक सांभाळताना ‘तुमचा बॅकअप कुठे असतो?’ असे विचारले की बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळते: ‘ड्राइव्हवर आहे ना.’ टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा, ड्रॉइंग आणि कोटेशनच्या एक्सेल फाइली ज्या फोल्डरमध्ये आहेत तो गूगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हला जोडलेला असतो, प्रत्येक फाइलीशेजारी हिरवी बरोबरची खूण दिसते आणि मालकांना गंगापूर रोडवरच्या घरी बसून त्याच फाइली उघडता येतात. सोय उत्तम आहे, परंतु तिचे नाव सिंक. बॅकअप ही वेगळी गोष्ट आहे.

सिंकचे काम सर्व ठिकाणच्या प्रती सदैव एकसारख्या ठेवण्याचे. एका संगणकावर फाइल बदलली की ती सगळीकडे बदलते आणि पुसली की सगळीकडून जाते. हा बदल लेखापालाने केला की रॅन्समवेअरने (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रामने), याच्याशी सिंकला कर्तव्य नसते. बॅकअप म्हणजे ठरावीक वेळी काढून बाजूला ठेवलेली आणि त्यानंतर मूळ फाइलीचे काहीही झाले तरी न बदलणारी प्रत. सिंकची प्रत आत्ताची असते, बॅकअपची कालची. हल्ला झाल्यावर उपयोगी पडते ती कालची.

अंबडमधल्या एका कारखान्यात ‘थकीत बिल’ अशा विषयाच्या ईमेलसोबत आलेली झिप फाइल उघडली गेली, तेव्हा ही गोष्ट जवळून पाहता आली. गडबड प्रथम लक्षात आली ती कार्यालयात नव्हे, तर मालकांच्या घरी. त्यांनी फोन करून विचारले, ‘अहो, फाइलींच्या नावांपुढे हे भलतंच काय लागतंय?’ कार्यालयातल्या संगणकावर एकेक फाइल कुलूपबंद होत होती आणि सिंक इमानेइतबारे तीच कुलूपबंद फाइल घरच्या लॅपटॉपवर पोहोचवत होते. हिरवी खूण मात्र शेवटपर्यंत होती, कारण दोन्हीकडच्या प्रती खरोखरच एकसारख्या होत्या.

या सेवांमध्ये जुन्या आवृत्त्या मिळतात, हे खरे आहे. गूगल ड्राइव्हवर एक्सेल किंवा पीडीएफसारख्या फाइलींच्या जुन्या आवृत्त्या साधारण ३० दिवस राहतात आणि मायक्रोसॉफ्ट ३६५ घेतलेल्यांना वनड्राइव्ह गेल्या ३० दिवसांतल्या एखाद्या क्षणापर्यंत मागे नेता येते. त्याने कित्येकांची अब्रू वाचली आहे. तथापि ऑक्टोबरमध्ये चुकून पुसलेले हिशोबातले खाते मार्चअखेरीस लक्षात आले तर ३० दिवसांचा उपयोग नाही, आणि ड्राइव्हच्या खात्याचा पासवर्डच हल्लेखोराच्या हाती असेल तर तो जुन्या आवृत्त्याही शिल्लक ठेवणार नाही.

हा फरक केवळ लहान कारखानदारांनाच उमगत नाही असे नाही. २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या हा विध्वंसक प्रोग्राम युक्रेनमधल्या एका हिशोबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून पसरला आणि त्यात मर्स्क ही जहाजवाहतूक कंपनी सापडली. नाशिकची द्राक्षे ज्या न्हावा-शेवा बंदरातून युरोपला जातात, तेथील मर्स्क समूहाच्या टर्मिनलचे कामही त्यामुळे विस्कळीत झाले (द्राक्षांचा हंगाम तेव्हा आटोपला होता, हे आपले नशीब). नेटवर्कमध्ये कोणाला कुठे प्रवेश आहे याची नोंद ठेवणारे मर्स्कचे सुमारे १५० सर्व्हर एकमेकांशी सिंक होत असत आणि एक बंद पडला तर दुसऱ्यावरून तो उभा करता येईल, या भरवशावर सगळी योजना होती. ते सर्व एकदमच पुसले जातील, हे कोणी धरले नव्हते. वाचला तो घानातल्या कार्यालयातला एकच, कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेलेली होती. लोडशेडिंगने केलेला बॅकअप म्हणायचा तो.

त्या सर्व्हरला वाचवले ते त्याच्या तुटलेपणाने, आणि बॅकअपची खरी कसोटीही तीच आहे. संगणकाला कायम लावून ठेवलेली बाहेरची हार्ड डिस्क किंवा कार्यालयातला सामायिक फोल्डर रॅन्समवेअरला सी ड्राइव्हइतकाच सहज सापडतो. विंडोज स्वतः ठेवत असलेल्या फाइलींच्या जुन्या प्रती (शॅडो कॉपी) तर अनेक रॅन्समवेअर प्रोग्राम आधीच पुसून टाकतात. म्हणून दोन डिस्क घ्याव्यात, आलटूनपालटून वापराव्यात, बॅकअप झाला की लगेच काढून ठेवाव्यात आणि त्यांतली एक कारखान्याच्या आवारात नसावी. टॅलीचा चालू डेटा सिंक फोल्डरमध्ये ठेवू नये, असेही सुचवेन, कारण उघड्या फाइलीची अर्धवट प्रत वर गेली तर ती पुढे उघडेलच असे नाही. त्याऐवजी टॅलीप्राइममध्ये ऑल्ट आणि वाय दाबून बॅकअपची आज्ञा द्यावी आणि तयार झालेली फाइल डिस्कवर न्यावी.

प्रायव्हेट लिमिटेड कंपन्यांसाठी हा केवळ शहाणपणाचा प्रश्न नाही. ऑगस्ट २०२२ मधल्या दुरुस्तीनंतर कंपनी (लेखे) नियमांनुसार इलेक्ट्रॉनिक हिशोबवह्यांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोज असणे बंधनकारक आहे. म्हणजे त्यांनी सर्व्हरवरचा बॅकअप आणि काढून ठेवलेली डिस्क, असे दोन्ही सांभाळावे.

बॅकअप घेतला एवढ्यावरही थांबू नये. महिन्यातून एकदा तो दुसऱ्या संगणकावर परत उघडून ताळेबंद जुळतो का, हे पाहावे. सातपूरच्या एका कार्यालयात मला कपाटात फडक्यात गुंडाळलेली हार्ड डिस्क दाखवण्यात आली होती. तिच्यावर तारखेनिशी बारा फोल्डर होते आणि दर महिन्याला टॅली न चुकता कॉपी केले जात असे. प्रत्येक फोल्डरमध्ये दोन केबीची एकच फाइल होती: डेस्कटॉपवरचा टॅलीचा शॉर्टकट.